‘सौभद्र’ पुन्हा कशासाठी पाहायचे? (धागा)

१/
रविवारची दुपार. पुण्याच्या सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिराच्या दाराशी आजी, तिची मुलगी आणि महाविद्यालयात शिकणारी नात उभ्या आहेत. नाटक ‘संगीत सौभद्र’. आजीची ही कितवी खेप, ते तिलाही सांगता येणार नाही. मुलीची चौथी, नातीची दुसरी. संगीत नाटकाच्या बहुतेक प्रयोगांना असे एखादे कुटुंब भेटतेच. आणि त्यातल्या सर्वांत लहान सदस्याला मित्रमंडळींकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो: गोष्ट ठाऊक आहे, पदे पाठ आहेत, मग पुन्हा कशाला?

२/
प्रश्न रास्त आहे. त्याचे थोडक्यात उत्तर असे: संगीत नाटक एकदा पाहून हातावेगळे करण्यासाठी कधी रचलेच गेले नाही. पुन्हा येणाऱ्या प्रेक्षकाच्या भरवशावर ते उभे राहिले आणि त्याच्याच जोरावर टिकले. त्याची जी स्मृती आज उरली आहे, तीही मोठ्या प्रमाणात अशा कुटुंबांनीच सांभाळलेली आहे. म्हणून घरच्यांसह तेच नाटक पुन्हा पाहण्याला निव्वळ गतकाळाची हळहळ म्हणणे अन्यायाचे ठरते. इतिहासाची आवड असणाऱ्याला तर ही साधनांच्या वाचनाइतकीच गंभीर गोष्ट वाटायला हवी.

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले. मराठी रंगभूमीचा आरंभ तेथून मानतात. त्या पद्धतीच्या नाटकांत गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले आणि ही व्यवस्था पालटली. आता पात्रे स्वतः गाऊ लागली. शकुंतलेचे दुःख दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज उरली नाही. ते तिच्याच मुखातून सुरांत येऊ लागले.

४/
‘सौभद्र’ त्यानंतर दोनच वर्षांनी आले. १८८२ मध्ये पुण्यात पहिले तीन अंक झाले आणि पुढच्या वर्षी पाचही अंकांचे नाटक उभे राहिले. ‘शाकुंतल’ कालिदासावरून केलेले होते. ‘सौभद्र’ची बांधणी मात्र किर्लोस्करांची स्वतःची. मूळ संहितेत शंभराहून अधिक पदे आहेत. साकी, दिंडी, कामदा, लावणीच्या वळणाच्या चाली, कर्नाटकी चाली असा तो ऐवज आहे. यांतील कित्येक चाली प्रेक्षकांच्या कानांना कीर्तनातून आणि घरच्या गाण्यांतून आधीच ओळखीच्या होत्या. म्हणजे पहिल्या प्रयोगाला आलेला माणूसही काही अंशी ‘पुन्हा’ ऐकण्यासाठीच आला होता.

५/
कथेचेही तसेच. सुभद्रेचा विवाह अर्जुनाशी होतो, हे कोणाला ठाऊक नव्हते? मात्र कथेची दोन रूपे परंपरेत आहेत. महाभारताच्या आदिपर्वात रैवतक पर्वतावरील उत्सवाच्या वेळी अर्जुन सुभद्रेचे हरण करतो. भागवताच्या दशम स्कंधात मात्र बलरामाला ती दुर्योधनाला द्यायची आहे आणि अर्जुन त्रिदंडी यतीच्या वेषात द्वारकेत येतो. किर्लोस्करांनी हा दुसरा धागा उचलला. कारण उघड आहे. हरणात पराक्रम आहे, पण वेषांतरात घर आहे: पाहुणा म्हणून आलेला संन्यासी, त्याच्या सेवेला नेमलेली बहीण, काही न समजलेला थोरला भाऊ आणि सारे समजून गप्प बसलेला धाकटा.

६/
‘सौभद्र’चे खरे रहस्य या घरात आहे. त्यातील यादवांचे घर एकोणिसाव्या शतकातील मराठी एकत्र कुटुंबासारखे भासते. बलराम हा तापट पण भोळा वडीलभाऊ, रुक्मिणी ही रुसणारी आणि रुसवा काढून घेणारी गृहिणी, कृष्ण हा सर्वांना गोड बोलून आपले तेच करणारा दीर. प्रेक्षागृहात बसलेल्या प्रत्येक घरात असा एक बलराम आणि असा एक कृष्ण होता. म्हणूनच हे नाटक एकट्याने पाहण्यापेक्षा कुटुंबासह पाहण्यात अधिक गंमत आहे. कोणत्या वाक्याला घरातले कोण कोणाकडे पाहून हसते, हाही त्या प्रयोगाचाच भाग असतो.

७/
आता कालपट पाहू. ‘सौभद्र’ ज्या वर्षी पुण्यात रंगमंचावर आले, त्याच १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुण्यात प्रसिद्ध झाले आणि पंडिता रमाबाईंनी तेथेच आर्य महिला समाज स्थापन केला. दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, मुंबईत रखमाबाईंवरील खटला सुरू झाला. बालपणी लावून दिलेला विवाह मुलीवर बंधनकारक कसा, हा त्यातील प्रश्न. किर्लोस्करांनी सुधारणेचा पक्ष घेऊन नाटक लिहिले, असे म्हणता येणार नाही. पण ‘मुलगी कोणाला द्यायची हे कोण ठरवणार’ हा प्रश्न शहराच्या हवेत असताना, नेमके त्याच पेचावर उभे असलेले हसते-गाते नाटक घराघरांनी पाहिले, हे विसरून चालणार नाही.

८/
म्हणून वयाप्रमाणे हे नाटक बदलत जाते. दहाव्या वर्षी ते खोट्या संन्याशाची गंमत असते. विसाव्या वर्षी कान गाण्याकडे लागतात. पुढे कधीतरी लक्षात येते की सुभद्रेच्या मनासारखे घडते खरे, पण ते तिच्या शब्दामुळे घडत नाही. कृष्णाच्या युक्तीमुळे घडते. तिचा भाऊ चतुर नसता तर? हा प्रश्न पहिल्या खेपेला सुचत नाही, कारण तेव्हा मन शेवटाच्या गोडव्यात असते. तो सुचण्यासाठी पुन्हा यावे लागते. आणि शेजारी आई व आजी बसलेल्या असतील, तर घरी परतताना त्याचे उत्तर तीन पिढ्यांकडून तीन तऱ्हांनी मिळते.

९/
या सुभद्रेची भूमिका आरंभी पुरुषांनी केली, हेही ध्यानात ठेवायला हवे. बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर ही त्या काळची गाजलेली सुभद्रा. त्यांच्या गळ्याची वर्णने पुष्कळ आहेत, पण आवाज एकही उरलेला नाही. भाऊराव १९०१ मध्ये वारले आणि भारतात ग्रामोफोनसाठी व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ मध्ये, कलकत्त्यात. अवघ्या एका वर्षाचे अंतर! भाऊरावांचे गाणे उरले ते केवळ ऐकणाऱ्यांच्या सांगण्यात. त्यांना वारंवार ऐकलेल्यांनी पुढच्या पिढीला काय सांगितले, एवढाच त्या गाण्याचा पुरावा.

१०/
बालगंधर्वांच्या बाबतीत परिस्थिती बरी, पण किती? ते १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले, १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्यांच्या अनेक ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. मात्र त्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. रंगमंचावर तेच पद ‘वन्स मोअर’मागून ‘वन्स मोअर’ घेत कितीतरी लांबे आणि नाटक रात्रभर चाले. तबकडीवर आहे तो पदाचा आराखडा; प्रेक्षकाच्या मागणीने फुलत जाणारे गाणे त्यावर नाही. ‘वन्स मोअर’ ही तर पुन्हा पाहण्याचीच छोटी आवृत्ती होती: पुढच्या प्रयोगापर्यंतही धीर नसलेल्या रसिकाची.

११/
येथे कुटुंबाचे महत्त्व कळते. प्रयोग संपला की तो नाहीसा होतो. संहिता छापलेली राहते, तबकडी राहते, छायाचित्र राहते. पण पदाआधीचा विराम, विनोदाला उठलेला हशा, एखाद्या नटाने शब्दावर दिलेला जोर हे सारे केवळ स्मरणात राहते. ज्याने नाटक एकदाच पाहिले, त्याच्या स्मरणाला तुलनेचा आधार नसतो. ज्याने वीस वर्षांच्या अंतराने दोनदा पाहिले, तो सांगू शकतो की काय बदलले. आणि एकाच घरातील तिघांनी साठ वर्षांच्या अवधीत मिळून दहा-बारा प्रयोग पाहिले असतील, तर त्या घरात एक छोटे दफ्तरखाना तयार झालेले असते.

१२/
मात्र दफ्तरातील प्रत्येक कागद खरा नसतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. एक नमुना पाहा. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. जरठ-कुमारी विवाहावरचे ते नाटक प्रचंड गाजले. पुढे १९२९ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला आणि लोक त्याला ‘शारदा कायदा’ म्हणू लागले. नाटकावरून कायद्याला नाव पडले, असे अनेक घरांत आजही सांगतात. वस्तुतः ते नाव विधेयक मांडणाऱ्या अजमेरच्या हरविलास सारडा यांच्यावरून आले. आठवण चुकली खरी. पण ती का चुकली, यातून नाटकाचा मराठी मनावरील ठसा दिसतो. आठवण तपासावी, फेकून देऊ नये.

१३/
पुन्हा पाहण्याची ही साखळी केवळ प्रेक्षागृहात नाही, रंगमंचावरही आहे. जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी १९४९ मध्ये ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढली. जयमालाबाईंनी स्वतः बालगंधर्वांबरोबर काम केलेले. पुढे कीर्ती आणि लता या कन्याही याच नाटकांत उभ्या राहिल्या. २०२२ मध्ये कीर्ती शिलेदार यांचे निधन झाले, तेव्हा ज्या घरांतून शोक व्यक्त झाला, त्यांतील कित्येकांनी आधी आईला आणि नंतर मुलीला त्याच परंपरेतील पदे गाताना ऐकले होते. रंगमंचावर एक कुटुंब आणि समोर दुसरे, अशी ही देवघेव होती.

१४/
दुसरे उदाहरण ‘कट्यार काळजात घुसली’चे. पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग डिसेंबर १९६७ मध्ये झाला. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. वसंतराव १९८३ मध्ये गेले. २०१० मध्ये नाटक पुन्हा उभे राहिले, तेव्हा खाँसाहेबांच्या भूमिकेत त्यांचे नातू राहुल देशपांडे होते. घराण्याची विद्या कोणाला द्यायची, हा त्या नाटकाचाच विषय. आजोबांचा खाँसाहेब पाहिलेले आजोबा नातवंडांना घेऊन नातवाचा खाँसाहेब पाहायला गेले, तेव्हा नाटकातला प्रश्न आणि प्रेक्षागृहातला प्रश्न एक झाला.

१५/
गोव्यात ही गोष्ट आणखी वेगळ्या रीतीने टिकून आहे. दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी हे दोघेही मंगेशीचे. तेथील कित्येक गावांत देवळाच्या उत्सवात गावकरीच मांडव घालून संगीत नाटक उभे करतात. कालचा प्रेक्षक आज नारद होतो, त्याचा मुलगा उद्या कृष्ण. तेथे ‘पुन्हा कशाला’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. उत्सव दरवर्षी येतो, तसे नाटकही येते. शहरात तिकीट काढून पाहणाऱ्यांनी यातून एवढे शिकावे की परंपरा ही पाहुणी नसते. तिला घरात नेमाची जागा द्यावी लागते.

१६/
आता आक्षेप. पहिला वडीलधाऱ्यांचा: ‘आता तसे गाणारे राहिले नाहीत, उगाच जुन्या आठवणी कशाला बिघडवायच्या?’ भाऊरावांना ऐकलेल्यांनी बालगंधर्वांना या तराजूतून सोडले असेल, असे मानणे कठीण. प्रत्येक पिढी आपल्या तारुण्यात ऐकलेला गळा प्रमाण मानते. तुलना जरूर करावी. तीच तर या जाण्याची कमाई आहे. परंतु तुलना करण्यासाठी समोर आजचा प्रयोग हवा. ज्याने तीस वर्षांत नाटकगृहाची पायरी चढली नाही, त्याचे ‘पूर्वीसारखे राहिले नाही’ हे मत नव्हे, केवळ सवय होय.

१७/
दुसरा आक्षेप तरुणांचा: ‘पदे यूट्यूबवर आहेत, ती ऐकली की झाले.’ पदे आहेत, नाटक नाही. नाट्यगीतांच्या मैफिलीत सुभद्रेचे पद ऐकताना ती कोणाला सांगते आहे, कोणापासून लपवते आहे, ऐकणारा यती खरोखर कोण आहे, यातले काहीच जाणवत नाही. जे पद मैफिलीत करुण भासते, तेच नाटकात करुण आणि हास्यास्पद एकाच वेळी असते. कारण सुभद्रेला जे ठाऊक नाही, ते प्रेक्षकाला ठाऊक असते. किर्लोस्करांचे कौशल्य या दुहेरी जाणिवेत आहे. पद वेचून घेतले की ती गळून पडते.

१८/
तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: जुन्याच्या फेऱ्या मारत बसले तर नव्याला प्रेक्षक कोठून येणार? शिवाय या रंगभूमीचा प्रेक्षक मुख्यत्वे शहरी, मध्यमवर्गीय आणि उच्चवर्णीय राहिला. तिची स्मृती म्हणजे साऱ्या मराठी समाजाची स्मृती नव्हे. तमाशाच्या, दशावताराच्या, जलशांच्या प्रेक्षकांच्या आठवणी इतक्या प्रेमाने जपल्या गेल्या नाहीत. हे मान्यच करावे लागेल. यावर उपाय एवढाच की तीच निष्ठा तिकडेही वळावी. आजीला जसे ‘सौभद्र’विषयी विचारले जाते, तसे कोणाच्या आजोबांना फडावरच्या वगाविषयीही विचारले जावे.

१९/
नव्याच्या प्रश्नाला मात्र इतिहासानेच उत्तर दिलेले आहे. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, बोलपटांनी नाटक कंपन्या मोडल्या आणि संगीत नाटक संपले असे वाटू लागले. तरी १९६० नंतर विद्याधर गोखले यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’, वसंत कानेटकर यांचे ‘मत्स्यगंधा’, शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ अशी नवी संगीत नाटके उभी राहिली आणि अभिषेकींनी नाट्यसंगीताला नवे वळण दिले. जुनी पदे कानांत असलेला श्रोता होता, म्हणूनच या नव्याचे नवेपण ओळखता आले. जुने पुन्हा ऐकणारा प्रेक्षक नव्याचा शत्रू नसतो. बहुधा पहिला जाणकार तोच असतो.

२०/
खरी चिंता वेगळीच आहे. रात्रभराचे नाटक आज तीन तासांच्या आसपास बसवावे लागते. काटछाट अपरिहार्य आहे. शंभराहून अधिक पदे आज कोणी गाणार नाही, आणि कदाचित कोणी बसून ऐकणारही नाही. पण काय कापले, याची नोंद कोठेच राहत नाही. प्रत्येक पिढीला थोडे लहान ‘सौभद्र’ मिळते आणि ती तेच पूर्ण समजते. गाजलेली पदे शाबूत राहतात; कात्री लागते ती संवादांना आणि छोट्या साक्या-दिंड्यांना, म्हणजे ज्यांनी पदे कथेत गुंफली त्या धाग्यालाच. हा धागा तुटला की उरते ती वेशभूषेतली मैफल. निर्मात्यांनी प्रयोगाच्या पत्रकावर वगळलेल्या पदांची यादी छापावी. खर्च चार ओळींचा, उपयोग पुढच्या शतकाचा.

२१/
इतिहासप्रेमी तरुणाने करण्याजोगे त्याहून थोडे अधिक आहे. संहिता आधी वाचावी. प्रयोगाला जाण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे की मागे कोणाची सुभद्रा पाहिली होती, कोठे, कोणाबरोबर. आणि सांगितलेले तारखेसह लिहून ठेवावे. प्रयोगात कोणती पदे झाली, कोणत्या पदाला ‘वन्स मोअर’ आला, तो दिला की नाही, हेही टिपावे. परतल्यावर दोन्ही टिपणे शेजारी ठेवावीत. तिकीट फेकू नये. पाठीमागे नटांची नावे लिहावीत. पन्नास वर्षांनी हा कागद कोणाला तरी हवा असेल. आज भाऊरावांच्या प्रयोगाविषयीचा असा एक जरी कागद कोण्या घरच्या ट्रंकेत सापडला, तर अभ्यासक तो जपून हाताळतील.

२२/
सदाशिव पेठेत तिसरी घंटा होते. ऑर्गनवर सूर धरला जातो, पडद्यामागून नांदीचे स्वर येतात. आजी डोळे मिटून घेते. तिला दिसणारी सुभद्रा रंगमंचावर येणाऱ्या सुभद्रेहून निराळी आहे. नात डोळे उघडे ठेवून बसली आहे. दोघी एकच नाटक पाहत नाहीत, पण मधल्या खुर्चीत आई आहे आणि मध्यंतरात चहा घेताना तिघी बोलणार आहेत. १८८२ पासून ‘सौभद्र’ असेच एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीकडे सरकत आले. मधली खुर्ची रिकामी राहिली, तर संहिता ग्रंथालयात सुरक्षित असूनही नाटक तेथेच थांबेल. पुन्हा जायचे ते एवढ्यासाठी.

(धागा समाप्त)